वाऱ्याची मेढ

आमच्या खळ्यावर मळणीला चार बैल असत. दोन आमचे, दोन चुलत आजोबांचे. मधोमध मेढ रोवलेली, तिला बांधलेली बैलांची पात आणि पायाखाली भाताच्या पेंढ्या पसरलेल्या. कोणता बैल कुठं बांधायचा हे आबा ठरवायचे. मेढीजवळ म्हातारा सर्जा, कारण त्याला जवळजवळ जागच्या जागी वळायचं असे. अगदी बाहेरच्या अंगाला तरणा खोंड. पात सरळ राहायची तर सर्जा मुसकी बांधलेल्या तोंडानं पेंगत आपली इवलीशी फेरी पुरी करी, तेवढ्याच वेळात खोंडाला चौपट लांब फेरी मारावी लागे. मी खोंडामागं पळायचो आणि चार फेऱ्यांत दम लागला की आबांजवळ जाऊन बसायचो.

सुगी संपली की मार्च-एप्रिलच्या दुपारी त्याच मोकळ्या खळ्यावर वावटळ यायची. आमचं गाव बेळगावच्या पश्चिमेला, शिनोळीच्या जरा अलीकडं. माती तांबडी, म्हणून वावटळही तांबडी. आत भूत असतं आणि चप्पल फेकून मारली की ते खाली पडतं, अशी आम्हा पोरांची पक्की समजूत. एकदा मी जत्रेत घेतलेली नवी चप्पल फेकली. ती चुलत आजोबांच्या बांधापलीकडं जाऊन पडली. वावटळीनं नेली असं मी घरी सांगितलं. खरं म्हणजे माझा नेमच तसा होता.

ती आणायला कुणी जायचं हा मोठा प्रश्न झाला. आबा आणि त्यांचे भाऊ बांधावरून बरीच वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कुणी बांध कोरला यावरून भांडण. मळणीला मात्र बैल एकमेकांचेच. तेवढं निमूट चालायचं. बैल कुणीतरी पोरगा सोडून आणायचा आणि परत नेऊन बांधायचा.

त्या दुपारी आबा सावलीत बसून वावटळीकडं बघत होते. तिच्यात कोंडा होता, वाळली पानं होती, एक प्लॅस्टिकची पिशवी होती. बघता बघता म्हणाले, "बघ की लेका, हिचं उलटंच चाललंय. हिच्यात मेढीजवळचा बैलच जास्त पळायलाय."

मी हसलो. मेढच नाही तिथं बैल कुठला?

---

पुढं धारवाडला एमएस्सी करताना द्रायूंच्या गतीचा पेपर होता. द्रायू म्हणजे वाहणारं काहीही, पाणी काय नि हवा काय. सर्क्युलेशन आणि व्हॉर्टिसिटी हे दोन शब्द त्यात पहिल्यांदा नीट भेटले. मराठी परिभाषेत त्यांना जड जड प्रतिशब्द असतील, पण मी स्वतःशी त्यांना 'फेरी' आणि 'भोवरेपण' म्हणतो आणि इथंही तेच म्हणणार आहे. तेव्हा सूत्रं पाठ होती, गणितं सुटत होती, मार्कही मिळाले. आबांचं वाक्य मात्र आठवलं परीक्षा झाल्यावर, घरी येताना, एसटीत. एसटी म्हणजे अर्थात कर्नाटकाची लाल बस, पण आमच्याकडं तिलाही एसटीच म्हणतात.

फेरी समजायला सोपी, कारण ती पायानं मोजता येते. बेळगावात असताना मी टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोच्या मैदानाला सकाळी फेरी मारायचो. समजा, वारा सगळीकडं एकसारखा पश्चिमेकडून वाहतोय. मग निम्म्या वाटेत तो पाठीवर आणि निम्म्या वाटेत तोंडावर. प्रत्येक पावलाला वाऱ्यानं पुढं किती ढकललं आणि मागं किती रेटलं याचा हिशेब ठेवला, तर घरी पोहोचल्यावर बेरीज शून्य. (सायकलवाल्यांना जाताना आणि येताना दोन्ही वेळा वारा तोंडावरच लागतो, पण तो बराचसा त्यांच्या स्वतःच्या वेगाचा वारा असतो. त्याची तक्रार वातावरणाकडं करू नये.) आता असं धरा की पूर्ण फेरीभर वारा पाठीवरच राहिला. कोपरा वळलो की तोही वळला. मग बेरीज शून्य येत नाही. जी येते ती फेरी, सर्क्युलेशन. ती एका जागी उभं राहून कळत नाही. निघालो तिथं परत यावं लागतं.

भोवरेपण याच्या उलट. ते एकेका जागेचं असतं. हवेच्या चिमुकल्या कणाला तिथल्या तिथं स्वतःभोवती किती गिरकी आहे, ते. मी वर्गात शिकवतो तेव्हा पोरांची गाडी इथं हमखास अडकते, कारण 'गोल जाणं' आणि 'गिरकी घेणं' हे सगळ्यांना एकच वाटतं. मलाही वाटायचं. मग मी त्यांना जत्रेत नेतो.

जत्रेत आकाशपाळणा असतो आणि घोड्यांची चक्री असते. चक्रीवरचा लाकडी घोडा गोल फिरतो तेव्हा त्याचं तोंडही सगळ्या दिशांना फिरून येतं. एका फेरीत त्याची स्वतःभोवती एक गिरकी पुरी होते. आकाशपाळण्यात बसलेला माणूसही गोलच जातो, वर, पलीकडं, खाली, अलीकडं. पण त्याचं डोकं कायम आभाळाकडं आणि पाय कायम जमिनीकडं. तो फिरला, पण वळला नाही. हवेचा कणही असा आकाशपाळण्यातल्यासारखा गोल जाऊ शकतो, भोवरेपण शून्य ठेवून.

आणि सरळ जाणारा प्रवाहही गिरकी देऊ शकतो. मार्कंडेय नदीला पाणी असतं तेव्हा काठालगत करवंटी सोडून बघा. मधलं पाणी जोरात, काठाचं हळू. करवंटीच्या एका अंगाला ओढ जास्त, दुसऱ्या अंगाला कमी, म्हणून ती सरळ पुढं जाता जाता स्वतःभोवती वळत राहते. नदीत कुठं भोवरा दिसत नाही, पण भोवरेपण काठापाशी भरपूर असतं.

आता आबांचं वाक्य. खळ्यावर बैल मेढीपासून जितका लांब, तितका त्याचा वेग जास्त. सगळी पात एकसंध वळते आणि तिच्यात सगळीकडं भोवरेपण सारखंच असतं. मोरीतून पाणी जाताना होतो त्या भोवऱ्यात उलटं. मध्याजवळ जाल तसा वेग वाढतो, अंतर निम्मं झालं की वेग दुप्पट. तिथली पानं आकाशपाळण्यासारखी जातात. वावटळीत या दोन्ही गोष्टी एकात एक बसलेल्या असतात. अगदी गाभ्यात बैलांची पात, म्हणजे बाहेर जाल तसा वेग वाढतो. गाभ्याच्या कडेला तो सगळ्यात जास्त. त्याबाहेर मोरीचं पाणी. स्कॉटलंडचा अभियंता रँकिन याच्या नावानं हा नमुना ओळखला जातो. चक्रीवादळाचाही ढोबळ आराखडा हाच. आबांना बाहेरचा भाग दिसला आणि त्यांनी तो बरोबर सांगितला. मेढही होती. ती हवेचीच होती, एवढंच मला कळलं नव्हतं.

गंमत अशी, की बाहेरच्या हवेत भोवरेपण जवळजवळ नसतं, तरी तिच्यातून मेढीभोवती चक्कर मारली तर फेरी भरपूर भरते. मेढ बाहेर ठेवून कुठंही वाटोळं चाललं तर शून्य. सगळ्या फेरीची कमाई मधल्या बोटभर गाभ्याची.

---

हे असं का, याचं उत्तर एका प्रमेयात आहे आणि ते मी बांधावर शिकलो, असं म्हटलं तर थापा वाटतील. पण शिकवतो मात्र बांधावरच.

दोन भावांची शेतं शेजारी शेजारी, मध्ये सामाईक बांध. दोघंही आपापल्या शेताला चक्कर मारतात, दोघंही डावीकडं वळत. पश्चिमेचा भाऊ सामाईक बांधावरून उत्तरेला चाललेला असतो, तेव्हा पूर्वेचा भाऊ त्याच बांधावरून दक्षिणेला येत असतो. एकाला जेवढा वारा पाठीवर, तेवढाच दुसऱ्याला तोंडावर. दोघांचा हिशेब एकत्र मांडला की सामाईक बांध वहीतून पुसला जातो आणि उरतो फक्त बाहेरचा बांध, म्हणजे दोन्ही शेतांना मिळून मारलेली एकच मोठी चक्कर. शेतं दोन असोत की दोन लाख, आतले सगळे बांध असेच पुसले जातात. आणि शेत कणाएवढं चिमुकलं केलं, की त्याची फेरी येते ती तिथल्या भोवरेपणातूनच. म्हणून बाहेरून मोजलेली फेरी म्हणजे आतल्या सगळ्या भोवरेपणाची बेरीज.

याला स्टोक्सचं प्रमेय म्हणतात. ते आधी सापडलं दुसऱ्यालाच. विल्यम थॉमसन, जो पुढं लॉर्ड केल्विन झाला, त्यानं १८५० साली ते स्टोक्सला पत्रातून कळवलं. स्टोक्सनं १८५४ साली केंब्रिजच्या बक्षीस परीक्षेत ते सिद्ध करायला घातलं आणि नाव त्याचं लागलं. परीक्षेला बसलेल्यांत जेम्स क्लर्क मॅक्सवेल होता. पेपर काढणाऱ्याचं नाव प्रमेयाला लागतं हे कळल्यापासून मीही जरा जपून पेपर काढतो.

आमच्या भागात 'सीमा', 'बांध', 'सामाईक' हे शब्द उच्चारले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं काय येतं हे मला ठाऊक आहे. १९५६ पासून इथल्या प्रत्येक घरात त्याचं काही ना काही आहे. पाट्यांवरून, शाळांवरून, मोर्च्यांवरून. म्हणून वर्गात मी हे उदाहरण भावांपुरतंच ठेवतो. तरी मागच्या बाकावरून कुणीतरी हसतंच.

वाऱ्याला मात्र सरकारनंही वाटून दिलंय. हवामान खात्याच्या वाटणीत कागल 'मध्य महाराष्ट्रा'त आणि निपाणी 'उत्तर आंतरिक कर्नाटका'त. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की तोच वारा दुसऱ्या परिच्छेदात जातो. माझ्या मोबाईलवर गावाकडं येताना कधी एका राज्याचा इशारा येतो, कधी दुसऱ्याचा. आमच्या शेतातली वावटळ एवढा कागदोपत्री प्रवास करत नाही. दोन-तीन मिनिटांत विरते.

---

वावटळीला पहिली गिरकी कोण देतं, हा प्रश्न मला जास्त रंगतदार वाटतो. भूत काढून टाकल्यावर रिकाम्या जागी काहीतरी ठेवायला हवंच.

पहिली गिरकी मिळते ती घासटण्यातून. जमिनीला लागून वारा हळू असतो, हातभर वर जास्त, पुरुषभर वर त्याहून जास्त. पोळपाट स्थिर आणि वरून हात सरकतोय, मग मधलं लाटणं गरागरा फिरतं, तशी जमिनीलगतची हवा आडवी फिरत असते. दिसत नाही, पण असते. दुपारी नांगरट तापते, तापलेली हवा उसळी मारून वर निघते आणि त्या आडव्या लाटण्याला एका ठिकाणी वर उचलते. लाटणं उभं राहिलं की मुसळ झालं. शिवाय बांधाच्या, झाडाच्या, घराच्या कोपऱ्याशी वारा घासटतो तिथंही अशा गिरक्या सुटत असतात.

मग फुगडी. पंचमीला बायका फुगडी घालतात तेव्हा हात ताणून मागं रेलल्या की फिरणं संथ, जवळ आल्या की भिरभिर. वर जाणारी गरम हवा हवेच्या खांबाला ताणते, ताणलेला खांब बारीक होतो, बारीक झाला की जोरात फिरतो. आसपासची हवा आत ओढली जाते ती आपली उरलीसुरली गिरकी घेऊनच येते.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं १८५८ साली भोवऱ्यांचे हे नियम मांडले. पुढं १८६७ साली एडिंबरोत पीटर टेट यानं केल्विनला धुराची वेटोळी करून दाखवली. खोक्यातून सुटलेली वेटोळी खोलीभर न मोडता जात होती, एकमेकांवर आपटून थरथरत होती. केल्विन इतका भारावला की अणू म्हणजे अशीच वेटोळी असणार असं त्यानं ठरवून टाकलं. ते चुकलं. पण त्याच नादात १८६९ साली फेरीचं प्रमेय हाती आलं: हवेच्याच कणांची एक माळ धरा; माळ वाकेल, ताणली जाईल, कुठल्या कुठं जाईल, पण घर्षण नसेल आणि हवेची घनता फक्त दाबावर ठरत असेल, तर तिच्याभोवतीची फेरी तेवढीच राहील. चुकीच्या कल्पनेच्या पोटी एवढं सुरेख प्रमेय जन्माला आलेलं बघून बरं वाटतं.

पण फेरी तेवढीच राहणार असेल तर नवी फेरी कधी जन्मालाच येऊ नये, आणि वारा तर रोज नव्यानं सुटतो. ही गाठ सोडवली नॉर्वेच्या व्हिल्हेल्म बियर्कनेस यानं, १८९८ साली. त्यानं त्या 'घनता फक्त दाबावर' या अटीवरच बोट ठेवलं. एकाच दाबाला शेजारी शेजारी एक हवा तापलेली नि हलकी, दुसरी गार नि जड असेल, तर अट मोडते आणि फेरी शून्यातून उभी राहते. कारवार-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर दुपारी हेच होतं. वाळू तापते, समुद्र तापत नाही, खालून खारे वारे आत येतात आणि वरून हवा माघारी जाते. रात्री उलट, मतलई वारे. आमच्याकडं एप्रिलात दिवसभर जीव उबगतो आणि संध्याकाळी चंदगडच्या अंगानं पश्चिमेचं वारं सुटतं, तेव्हा आई घराच्या सगळ्या खिडक्या उघडते. तिला बियर्कनेस सांगायची गरज पडलेली नाही.

शाळेत आम्हाला मॉन्सूनही याच वाक्यात शिकवलेला: प्रचंड मोठे खारे वारे. ही कल्पना १६८६ सालची, हॅलीची. धूमकेतूवाला हॅली तोच. ती पुरी पडत नाही हे पुण्यात जन्मलेल्या आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आयुष्य काढलेल्या सुलोचना गाडगीळांनी हयातभर पटवून दिलं. त्यांचा एक युक्तिवाद अगदी शेतकऱ्यालाही पटेल असा आहे: जमीन तापल्यानंच पाऊस येत असता, तर जमीन जास्त तापलेल्या साली जास्त पडायला हवा. पण दुष्काळाच्या साली जमीन अधिकच तापलेली असते. मॉन्सून म्हणजे विषुववृत्ताजवळचा ढगांचा आणि वर चढणाऱ्या हवेचा पट्टा उन्हाळ्यात उत्तरेला सरकून आपल्या डोक्यावर येणं. डी. आर. सिक्का आणि त्यांनी १९८० साली उपग्रहाच्या चित्रांवरून त्या पट्ट्याची हालचाल मांडली.

आणि जुलैत, आम्ही चिखलात रोप लावत असतो तेव्हा, दीड किलोमीटर वरून पश्चिमेच्या वाऱ्याचा एक जोरदार पाट वाहत असतो. पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रमण यांनी तो १९६६ साली दक्षिण भारतावर दाखवून दिला. सरळ पाट, पण मार्कंडेयच्या करवंटीसारखं त्याच्याही दोन्ही काठांना भोवरेपण. उत्तरेच्या काठाचं भोवरेपण आवर्ताच्या, म्हणजे आपल्याकडं चक्रीवादळ फिरतं त्या दिशेचं, पावसाला पोषक. दक्षिणेच्या काठाचं नेमकं उलट.

---

या सगळ्यात पृथ्वीची वाटणी किती, हे पोरं नेहमी विचारतात. मोरीचं पाणी अमुक दिशेनंच फिरतं, असं त्यांनी कुठंतरी पाहिलेलं असतं.

पृथ्वी फिरते म्हणजे तिच्यावरचं अंगणही स्वतःभोवती वळतं. ध्रुवावर दिवसाला एक गिरकी. विषुववृत्तावर अजिबात नाही. बेळगाव जवळजवळ १६ अंशांवर, म्हणून आमच्या अंगणाला एक गिरकी पुरी करायला ८८ तास लागतात, साडेतीन दिवसांहून जरा जास्त. पाच मीटर त्रिज्येची वावटळ तीन सेकंदांत एक फेरी मारते. एक लाखपट फरक. एवढ्या गोंगाटात पृथ्वीचं कोण ऐकतो? म्हणून वावटळी दोन्ही दिशांना फिरताना दिसतात, साधारण निम्म्या-निम्म्या. मोरीचंही तसंच. १९६२ साली अमेरिकेत अॅशर शॅपिरो यानं सहा फुटी टाकीतलं पाणी पूर्ण एक दिवस निवू दिलं, मग तळाची गुडदी हळूच काढली, तेव्हा कुठं पाणी पृथ्वीच्या सांगण्यावरून डावीकडं वळलं. आपण हात धुतो त्या मोरीला एवढा धीर नसतो.

चक्रीवादळाला असतो. शेकडो किलोमीटरची हवा कित्येक दिवस आत ओढली जाते आणि अंगणाच्या ८८ तासांच्या गिरकीचीच फुगडी होते. म्हणून आपल्या गोलार्धात प्रत्येक चक्रीवादळ देवळाच्या उलट्या प्रदक्षिणेनं जातं, आणि विषुववृत्ताला लागून ती सहसा बनत नाहीत. सायक्लोन हा शब्द हेन्री पिडिंग्टन यानं कलकत्त्यात घडवला, सापाच्या वेटोळ्यावरून. १८४८ साली त्यानं खलाशांसाठी पुस्तक काढलं, त्यात तो आहे.

मी एक चक्रीवादळ गच्चीवरून पाहिलंय, म्हणजे पाहिलं असं म्हणायचं. मे २०२१. लॉकडाऊन, कॉलेज बंद, मी गावात अडकलेला. तौक्ते अरबी समुद्रातून किनाऱ्याला समांतर वर सरकत होतं. हॉलंडच्या बाइज बॅलट यानं १८५७ साली एक साधा नियम सांगितला आहे: वाऱ्याकडं पाठ करून उभे राहा, आपल्या गोलार्धात कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असेल. आपल्याकडं 'वारा वाहील तशी पाठ द्यावी' हे माणसाच्या चतुराईबद्दल म्हणतात. इथं अक्षरशः द्यायची.

शनिवारी वारा आग्नेयेकडून. पाठ दिली, डावा हात आडवा केला, तो नैऋत्येला, समुद्राकडं. रविवारी, १६ तारखेला, सकाळपासून झाडं पिळवटत होती आणि वारा दक्षिणेकडून. डावा हात सरळ पश्चिमेला, गोव्याकडं. आणि बातम्यांतही तौक्ते गोव्यासमोरच होतं. सोमवारी वारा नैऋत्येकडून. हात वायव्येला. त्या रात्री ते गुजरातेत उनाजवळ जमिनीवर चढलं. तीन दिवस मी न दिसणाऱ्या वस्तूकडं हात करून उभा होतो आणि हात बरोबर तिच्या मागं फिरत होता.

आई खालून बघत होती. म्हणाली, "कुणाला हात करायलायस?"

"वादळाला."

"वारं फिरलंय बघ. परवा परसाकडनं येत होतं, आता दाराकडनं यायलंय."

तिचंही खरं होतं. पण एक गोष्ट मला त्या गच्चीवर लखकन कळली, जी फळ्यावर कळली नव्हती. आमच्या दारात वारा आग्नेय, दक्षिण, नैऋत्य असा वळत गेला, म्हणजे देवळाच्या सुलट्या प्रदक्षिणेनं. आणि वादळ फिरत होतं उलट्या. आमच्या एका दाराचा वारा बघून कुणी वादळाची दिशा ठरवली असती, तर ती बरोबर उलटी ठरली असती. गोव्याच्या पलीकडं बोटीवर उभ्या माणसाला वारा दुसरंच काही सांगत असणार. त्या बोटीवरून, आमच्या गच्चीवरून, आणखी दहा दारांतून एकदम बघितलं तरच फेरी दिसते.

नुकसान फार नाही झालं. केळीची बाग आडवी झाली, चुलत आजोबांच्या नातवाची. बांधापलीकडं. बोलणं आता सुरू झालंय, म्हणून सांगायला तोच आला.

---

भोवरा हा शब्द मराठीत फार पोटात घेतो. दोरी गुंडाळून फिरवायचा तो भोवरा, नदीतला भोवरा आणि डोक्यातला केसांचाही भोवराच. बैलबाजारात आबा बैलाचे दात बघायच्या आधी भोवरे बघायचे, कुठं असला की चांगला, कुठं असला की घ्यायचा नाही. माझ्या वर्गातल्या एका कन्नड मुलीला विचारलं, तुमच्यात काय म्हणतात? म्हणाली, 'सुळी'. नदीतली सुळी. केसांतलीही सुळीच. आणि वावटळ म्हणजे सुळिगाळी. दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता पाणी आणि डोकं एकाच शब्दात बांधलंय. किंवा विचारूनही असेल, शेजारी राहून.

माझ्या मुलाच्या डोक्यात दोन भोवरे आहेत. दोन भोवरेवाल्याची दोन लग्नं होतात, म्हणून आई त्याला चिडवते. गेल्या मे महिन्यात ती त्याचे केस विंचरत होती आणि मला वर्गाची खोड, म्हणून मी सांगितलं: एखाद्या चेंडूवर सगळीकडं केस असले तर ते विंचरून कुठंही भोवरा किंवा भांग न ठेवता सपाट बसवताच येत नाहीत. ब्राउवर नावाच्या डच गणितीनं १९१२ साली याची व्यापक सिद्धता दिली. डोकं काही पुरा चेंडू नव्हे, तेव्हा पोराच्या भोवऱ्यांचं मी सांगत नाही. पण पृथ्वी पुरी गोल आहे, आणि तिच्यावरचे वारे म्हणजे असे विंचरलेले केसच. म्हणजे कुठल्याही क्षणी पृथ्वीवर निदान एक ठिकाण असं असतंच, की जिथं आडवा वारा अगदी शून्य आहे.

दुपारचे तीन वाजले होते. लाईट गेलेली. फणसाचं पान हलत नव्हतं. आईनं फणी केसांत तशीच ठेवली, पदरानं मान पुसली.

"मग ते आज आपल्याच अंगणात आलंय म्हण की," ती म्हणाली, आणि पोराला म्हणाली, "जा, आतनं सूप घेऊन ये, वारं घालायला."